नानांचा रेसचा कार्बोरेटर

धुळ्याच्या चौकात नानांची गाडी दुसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा तिच्या मागे सरकी भरलेला ट्रक होता. ड्रायव्हरनं वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं. ट्रकचा बंपर मागच्या नंबर प्लेटला टेकला, प्लेट वाकली, आणि नाना दोन्ही पाय जमिनीला टेकून सीटवर तसेच बसून राहिले. हे मला नानांनी सांगितलं नाही. त्यांची मुलगी एसटीनं जळगावला आली आणि गॅरेजच्या दारात उभं राहून तिनं सांगितलं. पाणी विचारलं तर नको म्हणाली.

ती धुळ्याला सरकारी दवाखान्यात नर्स होती. आई वारलेली, घरात ती आणि नाना दोघंच. पुढच्या सोमवारी तिला तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी नाशिकला जायचं होतं.

"भाऊ, मला एकच सांगा," ती म्हणाली. "मी गेल्यावर ती गाडी रस्त्यात बंद पडणार नाही, असं तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणताय का? म्हणत असाल तर राहू दे गाडी. नाहीतर मी जायच्या आधी विकून टाकते. एक जण दोनदा विचारून गेलाय."

"नाना काय म्हणतात?"

"नाना काय म्हणणार! उन्हाची कुरकुरते म्हणतात. हात कापतात त्यांचे, ते माझं मी बघते. हँडल धरलं की कापायचे थांबतात, मी चार वेळा तपासलंय. गाडीचं तुम्ही सांगा."

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. "येतो मी धुळ्याला," एवढंच म्हणालो. ती गेली. गाडी विकली तर नाना कुठं जाणार, हे मला ठाऊक होतं. दर रविवारी ते शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात अक्कांकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे जात. ते खेडं एसटीच्या फाट्यापासून चार कोस आत. लेक नाशिकला, गाडी विकलेली, मग तो माणूस तीन महिने त्या दोन खोल्यांत भिंतीकडे बघत बसणार. आणि मी 'नाही बंद पडणार' म्हणालो आणि ती पडली, तर मागच्या ट्रकचा ड्रायव्हर दर वेळी जागा असेलच असं नाही.

नाना माझे कोण, हे सांगायला पाहिजे.

मी मूळचा तळकोकणातला. सातवीत शाळा सोडली. मामा भुसावळला रेल्वेत होता, तो घेऊन आला. तिथं रेल्वे वसाहतीबाहेरच्या दुकानांतून पंक्चरं काढली, प्लग पुसले, हळूहळू इंजिनाला हात लावायला लागलो. मग मामाची बदली पार मध्य प्रदेशात झाली आणि मी मागे राहिलो. घरी परतायला तोंड नव्हतं. जळगावात एकेक गॅरेज विचारत फिरलो. मी बोललो की लोक हसायचे. "मासा सोडून पेट्रोल प्यायला आला का रे भो?" म्हणायचे.

शेवटी चाचांच्या गॅरेजात शिरलो. चाचा त्या भागातले नावाजलेले मिस्त्री, मुसलमान, उंच, कमी बोलणारे. त्या दिवशी त्यांच्याकडे धुळ्याचे एक पाहुणे खुर्चीवर बसून चहा पीत होते. ते नाना. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवायला सुरुवात केली.

"ठेव त्याला," नाना म्हणाले.

"क्यूं?"

"आत येताना पायाशी नट पडलेला होता, तो उचलून त्यानं डब्यात टाकला. कुणी सांगितलं होतं?"

एवढ्यावर मी पोटाला लागलो. त्यानंतर सात-आठ वर्षं झाली होती, माझ्या हाताखाली दोघं काम करत होती, गावी पैसे जात होते, आणि हे सगळं एका नटावरून आणि एका माणसाच्या नजरेवरून. असं ऋण असलं की माणूस सुखानं झोपत नाही. सारखं वाटत राहतं, आपल्या हातून या माणसाचं काही वाईट होऊ नये.

नानांनी पंचवीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात काढलेली. तिथल्या एका साहेबाला मोटारसायकलींच्या शर्यतीचा नाद होता आणि त्याच्या गाडीला नानांशिवाय कोणी हात लावायचं नाही. साहेब कायमचा परदेशी गेला तेव्हा गाडी नानांना देऊन गेला. पाचशे सीसीची, एका सिलिंडरची जुनी विलायती गाडी, आणि तिला शर्यतीसाठीच बनवलेला कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग.

साधा कार्बोरेटर म्हणजे संसारी माणूस. बाजारात जातो, फाटकाशी थांबतो, पुन्हा निघतो. रेसचा कार्बोरेटर म्हणजे पैलवान. तो एकतर निजलेला असतो, नाहीतर आखाड्यात. त्याला मधलं काही जमत नाही. गाडी उभी असताना इंजिन हळू चालू ठेवणं, ज्याला आम्ही 'स्लो' म्हणतो, त्याची त्यात सोयच धरलेली नाही. शर्यतीत थांबतंय कोण? शिवाय पेट्रोल साठवणारी त्याची फ्लोटची वाटी कार्बोरेटरला चिकटलेली नसते. ती वेगळी, सीटखाली एका पट्टीवर टांगलेली, नळीनं जोडलेली, म्हणजे इंजिनाच्या हादऱ्यानं पेट्रोल फेसाळू नये. तसला दुसरा नग आम्ही नागपूरपासून मुंबईपर्यंत विचारला. कुणाकडे नव्हता. त्यातली एक सुई मोडली तरी संपलं.

तरीही दोन वर्षांपूर्वी आम्ही त्या पैलवानाला माणसांत आणलं होतं. स्लोसाठी लागणारा जेट, म्हणजे बारीक भोकाचा पितळी स्क्रू, मिळेना. तेव्हा मी जळगावच्या सराफ बाजारातल्या एका सोनारकाम करणाऱ्या कारागिराला गाठलं. तो जुन्या जेटचं भोक चांदीनं बुजवायचा आणि केसाएवढ्या ड्रिलनं नवं पाडायचा.

"हे ड्रिल नथीच्या मोत्यांचं आहे," तो म्हणायचा. "तुझ्या गाडीला नथ घालणार आहेस का?"

अकरा वेळा भोक पाडलं, अकरा वेळा बुजवलं. बाराव्याला गाडी उभ्या उभ्या टुक, टुक, टुक करत राहिली. चाचांनी डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "बस. अब हाथ मत लगा." त्या हिवाळ्यात नाना रोज गाडी चौकातून मुद्दाम दोन वेळा नेत, थांबायला मिळावं म्हणून.

मग उन्हाळा आला, आणि गाडी बंद पडायला लागली.

आमच्याकडे कोकणात घाम येतो. खान्देशात मे महिन्यात घामसुद्धा येत नाही, आधीच वाळतो. दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. इथली माणसं सगळ्याला पाणी लावून जगतात. माठाला ओलं फडकं, खिडकीला वाळ्याचा पडदा, डोक्याला भिजवलेलं उपरणं. जीप आणि टेम्पोवाले पेट्रोलच्या पंपाला ओलं फडकं गुंडाळतात, कारण तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी थांबते. प्रत्येक ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली असते. इथं आल्यावर मी शिकलेली ही पहिली गोष्ट. कुणाची गाडी उन्हात थांबली की मी आधी फडकं भिजवायचो आणि मला वाटायचं, आता आपण इथले झालो.

तसं मी त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, नानांनी काही न म्हणता, आपण होऊन धुळ्याला जाऊन त्यांच्या फ्लोटच्या वाटीलाही फडकं बांधलं होतं. मांजरपाट चौपदरी करून, त्यावर गोणपाट, वरून जुन्या ट्यूबची पट्टी ताणून. खालीवर नीट झाकून, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं. "दुपारी निघताना रोज भिजवा," म्हणालो. नाना शिस्तीचे. ते रोज भिजवत. पावसाळा लागल्यावर त्यांनी ते काढून ठेवलं, या उन्हाळ्यात पुन्हा बांधलं.

आता धुळ्याला निघताना चाचांना विचारलं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला होता, त्यांना येता येणार नव्हतं.

"जा," ते म्हणाले. "सब कर. जेट बदल, पाइप बदल. सुई मात्र घासायची नाही."

कार्बोरेटरच्या आत एक निमुळती सुई असते. ती जितकी वर उचलली जाते तितकं पेट्रोल जास्त जातं. पेट्रोल कमी पडत असेल तर काही मिस्त्री सुई पॉलिश पेपरवर घासून बारीक करतात.

"जेट पुन्हा भरता येतो," चाचा म्हणाले. "घासलेली सुई जाड होत नाही बेटा."

मी मान हलवली आणि पिशवीत सगळ्यात खाली पॉलिश पेपर ठेवला.

बुधवारी धुळ्याला पोचलो. नानांच्या अंगणात कडुलिंब होता, त्याखाली गाडी लावलेली. नाना पायजम्यावर, डोक्याला ओला रुमाल.

"ऊना का कोकन्या," ते म्हणाले. घरात ते शुद्ध बोलत, माझ्याशी मात्र मुद्दाम अहिराणीत. "डॉक्टरीनबाईनी पाठाडं तुले?"

"नाना, नर्स आहे मी," आतून आवाज आला.

"तेच ते. माले सुई टोचाले निंघनी."

भर दुपारी मी गाडी काढली, कारण ती दुपारीच बंद पडायची. सकाळी, संध्याकाळी काही नाही. पारोळ्याच्या रस्त्यानं निघालो. निघताना नानांनी लोट्यानं फडक्यावर पाणी ओतलं, ते सायलेन्सरवर पडून चर्र झालं. गाडी सुंदर चालली. पाचेक किलोमीटरवर तिनं एकदा ठसका दिला, मग दुसरा, आणि मेली. क्लच दाबून मी बाजूला घेत होतो तेवढ्यात मागून एक ट्रक हॉर्न कोकलत अंगावरून गेला. गरम वाऱ्यानं मी गाडीसकट हाललो. तेव्हा मला कळलं, चौकात नानांना काय वाटलं असेल.

प्लग काढला. पांढराफटक. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. फडकं ओरबाडून काढलं, वाटीचं झाकण उघडलं, आत बघितलं, नळी फुंकली. कुठं कचरा नाही. पुन्हा सगळं लावून किक मारली, एका किकेत सुरू. फडकं बांधून पाणी ओतून परत फिरलो, तर घराच्या अलीकडे पुन्हा ठसका.

"ऊन," नाना म्हणाले.

"ऊन," मीही म्हणालो. आणि संध्याकाळी फडक्यावर आणखी दोन पदर चढवले.

गुरुवारी मोठा जेट घातला. त्याच रस्त्यावर, आधीच्यापेक्षा एक किलोमीटर अलीकडे बंद. सुई वर-खाली करायला तिच्या डोक्याशी खाचा असतात, शुक्रवारी ती उचलून शेवटच्या खाचेत नेली. त्यापुढे खाच नव्हती. तरीही बंद, आणि या वेळी एका वळणावर, जिथं समोरची एसटी मला दिसली नाही आणि एसटीला मी. ड्रायव्हरनं खिडकीतून माझ्या आईचा उद्धार केला. मी त्याला हात जोडले.

त्या दिवशी नानांच्या घरी आलो तर त्यांची लेक, ताई, जेवायला वाढत होती. कळण्याची भाकरी, ठेचा, वर शेंगदाण्याचं तेल.

"झालं का?" तिनं विचारलं.

"उद्या होईल."

"उद्या शनिवार आहे, भाऊ."

"हो."

"तो माणूस रविवारी संध्याकाळी येणार आहे गाडी बघायला. मी हो म्हणून ठेवलंय."

नाना ताटाकडे बघत होते. हात मांडीवर ठेवलेला, आणि तो कापत होता. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत. त्यांनी दुसऱ्या हातानं तो झाकला. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांचा लष्करातला फोटो होता, त्याच गाडीवर बसलेला. मी तिकडे बघायचं टाळलं.

शनिवारी सकाळी मी सुई काढली. पांढऱ्या कपड्यावर ठेवली आणि पिशवीतून पॉलिश पेपर काढला. नाना समोर बाजेवर. त्यांना बघून समजलं.

"चाचा हो बोलना का?"

"नाही."

"मंग?"

"दुसरं काही उरलं नाही नाना. पेट्रोल कमी पडतंय. जेट झाला, खाच झाली. आता सुई बारीक करायची. नाहीतर..."

नानांनी सुईकडे पाहिलं. पंचवीस-तीस वर्षं ती सुई त्यांनी मऊ कपड्याशिवाय कशानं पुसली नव्हती. मग म्हणाले, "घस."

मी सुई चिमटीत धरली. पेपर दुसऱ्या हातात. आणि मला घासवेना. घासली आणि तरीही गाडी बंद पडली, तर? आता निदान गाडी होती तशी होती. घासल्यावर स्लोही जाणार होता, पिकअपही, बारा भोकांची मेहनतही. आणि दोष सुईत नसला तर मी नानांची गाडी स्वतःच्या हातानं मारलेली असणार.

"एक चक्कर मारून येतो," मी म्हणालो. "शेवटची. मग घासतो."

"किती घाबरस रे," नाना म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर जीव आला. मी सुई परत बसवली आणि त्यांनीच उठून फडकं भिजवलं.

साडेबाराच्या उन्हात गाडी बंद पडली ती एका बाभळीजवळ. रस्ता रिकामा. दर वेळी मी घाबरून फडकं ओरबाडायचो, ट्रकच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. या वेळी मला घाईच नव्हती. परत गेलं की सुई घासायची होती. मी उकिडवा बसलो आणि ट्यूबची पट्टी सावकाश सोडवायला लागलो. पहिला वेढा. दुसरा. ओल्या मांजरपाटाचा एक कोपरा झाकणावरून उचलला, आणि आतून आवाज आला.

फुस्स्.

लांब, बारीक. स्टोव्हची चावी सोडल्यावर येतो तसा. आणि त्याच्या मागोमाग नळीतून पेट्रोल वाटीत उतरलं, गुळगुळ, गुळगुळ, तहानलेल्यानं तांब्या तोंडाला लावावा तसं.

मी बोटानं झाकण चाचपलं.

वाटीच्या झाकणाला टाचणीएवढं एक भोक असतं. आतली हवा, आतली वाफ बाहेर जायला. बाटलीच्या तोंडात नरसाळं घट्ट बसलं की रॉकेल उतरत नाही, नरसाळं जरा उचललं की उतरतं. तेच. कोरडं फडकं श्वास घेऊ देतं. ओलं, सहा पदरांचं, वरून रबर ताणलेलं फडकं देत नाही. उन्हानं आत वाफ साठत होती, तिला वाट नव्हती, आणि वरचं पेट्रोल खाली यायचं थांबत होतं. टाकी भरलेली आणि वाटी कोरडी. सकाळ-संध्याकाळी फडकं भिजवत नसू, म्हणून गाडी चालत होती. जितकी ती बंद पडत होती तितकं आम्ही जास्त पाणी ओतत होतो, जास्त पदर चढवत होतो. जीपवाले फडकं पंपाला बांधतात, त्याला भोक नसतं. मी ते वाटीला बांधलं होतं.

खात्री करायला पुन्हा बांधलं, भिजवलं. चार किलोमीटरवर मेली. सोडलं, फुस्स्, सुरू. पुन्हा बांधलं, पुन्हा मेली. मग फडकं काढून पिशवीत कोंबलं आणि पारोळ्यापर्यंत जाऊन आलो. एक ठसका नाही. फाटकाशी उभी राहिली, टुक टुक करत. आनंद व्हायला हवा होता. झाला, दोन मिनिटं. मग चौकातला ट्रक डोळ्यांसमोर आला.

परतीच्या वाटेवर मी एक खोटं तयार केलं. चांगलं होतं. 'नाना, सुई एक खाच खाली घेतली, जेट जुना बसवला, आता जमलं. आणि हो, या सेटिंगला फडकं चालत नाही, ते काढून टाकू.' कुणाला काही कळलं नसतं. गाडी चालली असती, नाना फिरले असते, ताई निर्धास्त गेली असती, आणि मी पुन्हा एकदा हुशार कोकण्या ठरलो असतो. खोट्यानं कुणाचं नुकसान होत नव्हतं. उलट खरं सांगितलं, तर ज्या माणसानं मला पोटाला लावलं त्याला सांगावं लागणार होतं की तुम्हांला ट्रकखाली घालणारा मीच होतो.

अंगणात दोघं उभी होती. ताईनं माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "काय झालं?"

मी गाडी स्टँडवर लावली.

"गाडी ठीक आहे," मी म्हणालो. "कधीच बिघडली नव्हती. मी बांधलेल्या फडक्यानं बंद पडत होती."

नीट सांगितलं सगळं. भोक, वाफ, नरसाळं. सांगताना मी नानांकडे बघत नव्हतो.

"म्हणजे चौकात..." ताई म्हणाली.

"हो."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. आणि गेल्या वर्षीही."

वाऱ्यानं कडुलिंबाची वाळकी पानं गाडीच्या टाकीवर पडत होती. मला वाटलं, आता ती म्हणेल, निघा इथून. मी पिशवी उचललीसुद्धा.

तेवढ्यात नाना हसायला लागले. आधी बारीक, मग खोकला येईपर्यंत.

"पंचवीस वरीस मिस्तरी व्हतू मी लष्करमा," ते म्हणाले, "आन् रोज दुपारले लोटाभर पानी टाकं. माले बी समजनं नही! साहेब ऱ्हाता ते कोर्ट मार्शल करता मना."

"नाना, हसू नका," ताईचा आवाज चढला. "हसण्यासारखं काही नाहीये यात. ट्रक टेकला होता तुम्हांला." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही हे सांगितलं नसतं तर मला कळलं असतं?"

"नाही."

"मग का सांगितलं?"

मी जे खरं होतं ते म्हणालो. "नुसतं 'काढून टाका' म्हणालो असतो तर पुढच्या उन्हाळ्यात गाडी जरा तापली की नानांनी पुन्हा बांधलं असतं. मी शिकवलेलं आहे ना. आणि तुम्ही नाशिकला असता." मी पिशवी खाली ठेवली. "मला माफ करा म्हणायला तोंड नाही, ताई."

ती घरात निघून गेली. नाना बाजेवर बसले, मला हातानं खुणावून शेजारी बसवलं. मग हळूच म्हणाले, "तो कागद आधी उचल. उघडा पडेल शे."

सुई तर गाडीत होती. कपड्यावर उघडा पडला होता तो पॉलिश पेपर. मी तो पेपर उचलून चुलीत टाकला.

संध्याकाळी सुई जुन्या खाचेवर आणली, जुना जेट घातला, आणि इंजिनाची धग अडवायला वाटीच्या पुढे पत्र्याचा एक आडोसा बसवला, भोकापासून चार बोटं दूर. ताई जेवायला वाढायला आली तेव्हा एवढंच म्हणाली, "उद्या दुपारी मी मागे बसणार आहे. भर बारा वाजता. चौकातून."

रविवारी बाराला दहा कमी असताना मी चौकात जाऊन पानाच्या टपरीशेजारी उभा राहिलो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. टपरीवाल्यानं काय पाहिजे विचारलं, मी हातानंच थांबायची खूण केली. गोल चबुतऱ्यावर हवालदार उभा, पांढऱ्या हातमोज्यांत.

आवाज आधी आला. मग नाना दिसले, ताठ, डोक्याला रुमाल. मागे ताई, एका बाजूला पाय सोडून, एक हात त्यांच्या खांद्यावर. हवालदारानं नेमका त्यांच्याकडे तळवा केला. नाना थांबले. मागून एक ट्रक आला आणि त्यांच्या पाठीशी येऊन थांबला, इतका जवळ की ताईची वेणी बंपरच्या सावलीत गेली.

टुक. टुक. टुक.

दुसऱ्या बाजूची वाहनं सुटली. बैलगाडी, दोन एसट्या, रिक्षा, सायकली. संपेनातच. मी ठोके मोजत होतो आणि चुकत होतो, पुन्हा पहिल्यापासून मोजत होतो. एकदा एक ठोका राहिल्यासारखा वाटला. माझा हात टपरीच्या पत्र्यावर होता आणि तो भाजतोय हे मला कळत नव्हतं. नाना पुढे बघत होते. ताई त्यांच्या हातांकडे बघत होती. हँडलवर ते अगदी स्थिर होते.

हवालदाराचा हात फिरला. ट्रकनं हॉर्न दिला. गाडी एकदम, झोपेतून उठल्यासारखी, पुढे गेली. चौक पार झाला, पलीकडच्या झाडाखाली थांबली. ताई उतरली, साडी सावरली आणि मधला सगळा रस्ता ओलांडून, रिक्षांना हातानं थोपवत, सरळ माझ्याकडे चालत आली. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते. धुळ्यात, मे महिन्यात.

"आज संध्याकाळी तो माणूस आला की त्याला नाही म्हणून सांगा," ती म्हणाली. "मी पेटी भरत असेन. आणि उद्या सकाळी सहाला माझी बस आहे. स्टँडवर मला नाना सोडतील."

"पेटी मी सायकलवर आणतो," मी म्हणालो.

"आणा," ती म्हणाली, आणि पलीकडे बघितलं. नानांनी इंजिन बंद केलेलं नव्हतं.